क्यूबी६४ फिनिक्स एडिशन : काकाचा कापसाचा प्रोग्राम चालला राजेहो

आमच्या काकाची पांढरकवड्याजवळ कापसाची खरेदी आहे. १९९७ साली त्यांनी क्यूबेसिकमध्ये (डॉसच्या जमान्यातली सोपी प्रोग्रामिंग भाषा) स्वतःच एक प्रोग्राम लिहिला होता, काट्यावरचं वजन टाका, भाव टाका, पट्टी छापा, बस. ६४-बिट विंडोज आलं अन् तो मेला, त्याच्यावर १६-बिटचं डॉसवालं काही चालतच नाही. मंग या दिवाळीत क्यूबी६४ फिनिक्स टाकून पाहिलं, ते क्यूबेसिकचे जुने प्रोग्राम आजच्या कंप्युटरवर चालवते.

फुकट आहे, ओपन सोर्स आहे, अन् विंडोजवर सी++ कंपायलर (सी++ भाषेतल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारा) सोबतच येतो, वेगळं काही उतरवायचं नाही. आमच्याकडे नेट टॉवरच्या एका दांडीवर चालते म्हणून हे लय बरं. उघडलं तर क्यूबेसिकवाली तीच निळी स्क्रीन! काका चष्मा पुसून म्हणे, "अरे, हे तर आपलंच होय." चालवायचं एफ५ बटण दाबलं, जरा वेळ घेतला कारण ते आधी बेसिकचं सी++ करते अन् मंग एक्सई, म्हणजे थेट चालणारी फाइल, बनवते, पण चाललं, एक ओळ न बदलता.

तिसऱ्या दिवशी एकूण वजन आलं उणे ३२५३६ किलो. काका म्हणे, "आपण कापूस घेऊन राह्यलो का देऊन राह्यलो?" झालं असं का बेरीज ठेवायचं व्हेरिएबल इंटिजर, म्हणजे छोट्या पूर्णांकाचं, होतं, त्याची हद्द ३२७६७, अन् माल झाला ३३००० किलो. जुना क्यूबेसिक असता तर 'ओव्हरफ्लो', म्हणजे आकडा हद्दीबाहेर गेला, म्हणून जागीच थांबला असता, हे मात्र गुपचूप उलटं फिरलं. व्हेरिएबलच्या नावामागं इंटिजरच्या टक्क्याच्या चिन्हाऐवजी लाँगचं (मोठ्या पूर्णांकाचं) चिन्ह लावलं, मिटलं. चूक आमचीच, पण जुनं चालवतो म्हणता तर जुनं अडवणंही ठेवा ना बावा.

मूळ क्यूबी६४ बंद पडल्यावर २०२२ मध्ये वापरणाऱ्यांनीच हे फिनिक्स उभं केलं, ऑडिओचं इंजिनही नवं बसवलं. चांगलंच आहे. पण बनवणाऱ्यांनो, पुढच्या कामात माझं ऐकाल तर आवाज-ग्राफिक्स मागं ठेवा, ओव्हरफ्लो पकडायची सोय आधी द्या. लिनक्सवर एलप्रिंट (प्रिंटरवर छापायची आज्ञा) चालत नाही, म्हणून छपाईसाठी विंडोजच ठेवावं लागलं, तेही पहा. अन् देवनागरी! एडिटरमध्ये शेतकऱ्याचं नाव मराठीत टाकलं का नुसता कचरा दिसते.

५ पैकी ४ स्टार. एक देवनागरीचा कापला. काका म्हणे येईल तेव्हा येईल, तोवर पट्टीवर नाव पेनानं लिहू.