लिनक्स मिंटवर डीटीपीचे काम : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतील आमच्या डीटीपीच्या (संगणकावर छपाईची पाने मांडण्याच्या) दुकानात लग्नपत्रिका, हँडबिले आणि पतसंस्था व दूध संस्थांचे वार्षिक अहवाल ही मुख्य कामे होतात. विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबणार होते आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप तसेच इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आमचे संगणक सहाव्या पिढीचे, पण कामात कुठेही कमी न पडणारे. अशी धडधाकट यंत्रे भंगारात काढणे मला पटले नाही, म्हणून गेल्या पावसाळ्यात एक संगणक वगळून बाकीच्यांवर विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट २२ ही मोफत यंत्रणा घातली.

यंत्रणेविषयी तक्रारीला जागा नाही. या आवृत्तीचे अपडेट २०२९ पर्यंत मिळणार आहेत, ती हव्या तितक्या संगणकांवर घालता येते आणि परवान्याचा प्रश्नच येत नाही. पत्रव्यवहार, बिले व हिशेबाचे तक्ते लिब्रेऑफिसमध्ये विनासायास होतात. एका जुन्या प्रिंटरला मात्र लिनक्सचा ड्रायव्हरच नसल्यामुळे तो विंडोजच्या संगणकाला जोडून ठेवावा लागला.

खरी कसोटी मराठी मजकुराची होती. पानांच्या मांडणीसाठी आम्ही स्क्रायबस वापरतो. त्याच्या जुन्या १.४ आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरे फुटत असत; २०२४ मध्ये आलेल्या १.६ मध्ये ती नीट जुळतात, आणि पत्रिकेतील ‘वऱ्हाडी’ हा शब्दही जसा हवा तसा उमटतो. ऑफसेट छपाईसाठी लागणारी सीएमवायके (छपाईच्या चार शाईंच्या) रंगांतील पीडीएफ त्यातून थेट काढता येते. ‘एक टाईप’ या टंक बनवणाऱ्या गटाचे ‘मुक्त’ सारखे देखणे टंक (फॉन्ट) मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहेत. काही मोफत टंकांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात, हे मराठी छपाईत खटकते, त्यामुळे टंक निवडताना ही दोन अक्षरे मी आधी तपासतो.

अडचण आहे ती जुन्या साठ्याची. आपल्याकडील छपाई वर्षानुवर्षे कोरलड्रॉ हे विकतचे सॉफ्टवेअर आणि युनिकोडपूर्व मराठी टंक यांवर चालत आली आहे; युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्व संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. त्या जुन्या टंकांमध्ये देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असल्यामुळे तो टंक नसलेल्या संगणकावर संपूर्ण अहवाल निरर्थक इंग्रजी अक्षरांचा ढीग दिसतो. इंकस्केप या मोफत चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोरलच्या फाईली उघडतात, पण मांडणी अनेकदा विस्कटते, आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला तरी रफार व ऱ्हस्व वेलांटी ओळीओळीने तपासावी लागते. संस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हायच्या असतात. त्या गर्दीत मागच्या वर्षीची फाईल उघडून आकडे बदलण्याऐवजी पूर्ण अहवाल नव्याने मांडत बसणे परवडत नाही. बाजारात व्यावसायिक सॉफ्टवेअरची जी पकड आहे, ती माझ्या मते या फाईलींमुळे आहे. नवे दुकान काढणाऱ्याला ती मुळीच जाणवणार नाही.

एक संगणक आम्ही परवानाधारक विंडोजवर ठेवला आहे, तो याच जुन्या फाईलींसाठी आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरसाठी. नवे प्रत्येक काम युनिकोडमध्ये आणि स्क्रायबसमध्येच सुरू होते, आणि संस्थांच्या सचिवांनाही मजकूर युनिकोडमध्येच द्या, असे आम्ही आवर्जून सांगतो. त्यांतील बहुतेकजण मोबाईलवर मराठी टाईप करतात, त्यामुळे त्यांना यासाठी वेगळे काही शिकावे लागत नाही.