3एम 3500 चारकोल बॅज: पुरावा म्हणून कितपत टिकतो?

कामाच्या जागी कामगाराच्या श्वासाजवळच्या हवेत सॉल्व्हंटची वाफ किती, ते मोजणारा हा छोटा बॅज. पंप नाही, नळी नाही, चार्जिंगची कटकट नाही. कॉलरला अडकवायचा आणि नेहमीचं काम करायचं. आतला सक्रिय कोळसा हवेतली सॉल्व्हंटची वाफ धरून ठेवतो. टोल्युइन, हेक्सेन, बेंझिन यांसाठी बॅज चांगला. आयसोसायनेट किंवा शिशाची धूळ मोजायला मात्र निरुपयोगी.

नाकापासून फूटभराच्या आत, एप्रनच्या वर लावा. डबी उघडल्याची आणि शेवटी झाकण बसवल्याची वेळ मिनिटासकट लिहा, लॅबचं सगळं गणित त्यावर चालतं. शिफ्ट संपली की पांढरी फिल्म काढून झाकण घट्ट बसवायचं. नुसता खिशात टाकलात तर कोळसा वाटेतली वाफही ओढत राहतो. नाव बॉलपेननं लिहा. मार्कर नको, त्याच्या शाईतलं सॉल्व्हंटच नमुन्यात उतरतं! त्याच लॉटचा एक बॅज उघडून लगेच बंद करा आणि सोबत पाठवा. हा कोरा नमुना नसेल तर मालकाच्या वकिलाला आयती फट मिळते.

वाफ दाट असेल तर याच कंपनीचा 3520 बॅज घ्या. त्यात मागे कोळशाचा दुसरा थर असतो, त्यामुळे पुढचा थर भरून वाहिला तर ते कळतं.

खरी अडचण वेगळीच. बॅज फक्त त्या दिवसाची हवा सांगतो, आणि मोजणीच्या दिवशी नेमके सगळे पंखे चालू असतात, माल निम्मा निघतो. म्हणून त्या दिवशी किती लिटर सोल्युशन (चिकटवायचा सॉल्व्हंटवाला गोंद) वापरलं, किती जोड चिकटवले, दारं उघडी होती का, हे त्याच कागदावर उतरवा. अहवालात ‘मर्यादेत’ लिहिलं असेल तर कुणाची मर्यादा ते बघा. एन-हेक्सेनसाठी अमेरिकेत ओशाची (कामगार सुरक्षेची सरकारी यंत्रणा) कायदेशीर मर्यादा 500 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 500 भाग; त्याच देशातल्या नायोशची (कामगार आरोग्याची सरकारी संशोधन संस्था) शिफारस 50. म्हणजे 120 चा आकडा एकीकडे बिनधोक, दुसरीकडे दुपटीहून जास्त.

कातडीतून शिरलेलं रसायन बॅजला दिसतच नाही. उघड्या हातानं सोल्युशन लावणाऱ्यांनी त्याच दिवशी शिफ्टअखेर लघवीत 2,5-हेक्झेनडायोन (शरीरात हेक्सेनपासून बनणारा पदार्थ) तपासून घ्यावं.

हेक्सेननं नसा बिघडून, पाय बधिर होऊन काम सुटल्याला वर्षं झाली असतील तर बॅजवर पैसे घालवू नका. नर्व्ह कंडक्शन (नसांतून संदेश किती वेगानं जातो ती) तपासणी करा, आणि सोल्युशनच्या जुन्या डब्यांची लेबलं, पगारपत्रकं, सोबत काम केलेल्यांचे जबाब गोळा करा.