आंबवलेल्या पपईची पावडर: सात महिन्यांनंतर

फ्लूचा ताप सहाव्या दिवशी उतरला तेव्हा वाटलं, सुटले एकदाची. पण खरी फजिती त्यानंतर. अंघोळ करून आलं की पलंगावर टेकायला लागायचं, केस विंचरताना हात वर धरवायचे नाहीत. रक्ताचे रिपोर्ट सगळे नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "व्हायरलनंतरचा थकवा आहे, वेळ लागेल." तेवढा धीर माझ्यात तेव्हा नव्हता, म्हणून आंबवलेल्या पपईकडे वळले.

सुरुवात पावडरीने नाही, पातळ अर्काने झाली. पपई, अननस आणि नोनी नावाचं फळ एकत्र आंबवून केलेला. एकदा बाटली फ्रिजबाहेर राहिली. तिसऱ्या दिवशी झाकण फिरवलं तर फस्स करून फेस ओट्यावर, भिंतीवर, माझ्या गाऊनवर. लेबलवर छापलं होतं, 'आंबवण्याची प्रक्रिया पूर्ण'. आत साखर उरलीय आणि यीस्ट जिवंत आहे म्हटल्यावर ते आपलं काम करणारच! पोटही माझं त्या बाटलीसारखंच फुगायचं. महिनाभरात नाद सोडला आणि पावडरीवर आले.

ही पावडर म्हणजे पपई यीस्ट घालून कित्येक महिने आंबवायची आणि मग वाळवायची. तीन ग्रॅमची पुडी असते. बहिणीने फोनवर विचारलंच, "अगं, प्लेटलेट वाढायला देतात तो पानांचा रस ना?" तो वेगळा. तो पानांचा, हे फळाचं. पुडी पाण्यात न घालता थेट जिभेवर रिकामी करायची. पिठीसाखरेसारखी विरघळते, गोडसर लागते, मग टाळूला चिकटून बसते आणि शेवटी यीस्टचा हलका वास मागे राहतो. दमट हवेत उघडी पुडी ठेवलीत तर तासाभरात खडा होतो.

'आंबवलेलं' वाचून मला वाटलं होतं, पोटाला चांगले जिवाणू मिळतील. तसं काही गृहीत धरू नका. वाळवलेल्या पावडरीत जिवंत जिवाणू आहेत का, कोणते, किती, हे पाकिटावर लिहिलेलं असेल तरच मानायचं. माझ्या पाकिटावर नव्हतं. आत बहुतांश कर्बोदकंच.

आता मुद्द्याचं. पहिल्या आठवड्यापासून मी वहीत रोज तीन गोष्टी लिहिल्या: दोन मजले चढताना किती वेळा थांबले, वर पोचल्यावर नाडी किती, दुपारी किती झोपले. पुड्या सुरू केल्या तेव्हा तीनदा थांबायचे. सहाव्या आठवड्यात एकदा. नवव्यात न थांबता वर. इथे लिहायचं थांबवलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते, आणि मला वाटतं बरेच जण नेमके इथेच थांबतात.

मी मुद्दाम तीन आठवडे पुड्या बंद ठेवल्या. वहीतले आकडे तसेच सुधारत राहिले. पुन्हा सुरू केल्या, सुधारणेचा वेग वाढला नाही. एकदाच घसरण झाली, ती पुड्या चालू असताना: बरं वाटतंय म्हणून एका दिवसात सगळं घर आवरलं आणि पुढचे चार दिवस आडवी होते.

केसांचंही तेच. तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीमुठीने गळू लागले. ते तापाच्या धक्क्याने होतं आणि काही महिन्यांत बहुधा आपोआप थांबतं. पावडरीच्या माहितीपत्रकात '९० दिवसांत केसगळती आटोक्यात' असं होतं. बरोबरच आहे, तेवढ्या दिवसांत ती तशीही कमी व्हायला लागते.

त्याच पत्रकात नोबेल विजेत्या शास्त्रज्ञाचा फोटोही होता, ल्यूक माँटेनिए. त्यांनी २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांना आंबवलेली पपई सुचवली होती हे खरं. पण २००८ चं नोबेल त्यांना एचआयव्हीच्या शोधासाठी मिळालं, पपईसाठी नाही. पावडरीवरच्या चाचण्या छोट्या आहेत आणि बऱ्याचशांत रक्तातले अँटीऑक्सिडंटचे आकडे मोजलेत. ते आकडे सुधारले म्हणजे जिना चढता आला असं होत नाही.

फायदा काहीच नाही का? शौचाला साफ व्हायला लागलं, पण त्याच दिवसांत मी पाणीही वाढवलं होतं. त्रास मात्र पावडरीने काही दिला नाही.

काहींनी मात्र खरंच जपून. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. रबरी हातमोज्यांच्या लॅटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांना पपईही सोसत नाही असं होऊ शकतं. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनीही विचारावं, कारण काही छोट्या चाचण्यांत रक्तातली साखर उतरलेली दिसली आहे. नोनीत पोटॅशियम बरंच असतं, तेव्हा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी तो पातळ अर्क टाळलेला बरा.

पाचपैकी दोन तारे. त्यातला एक चवीचा. अकरा पुड्या उरल्यात, बहीण मागतेय. तिला पुड्यांबरोबर एक कोरी वहीही देणार आहे.