बोसीज: शेजारच्या स्कूल डिस्ट्रिक्टना एका टेबलाशी बसवणारी सेवा, कुठे घ्यावी आणि कुठे घेऊ नये

न्यूयॉर्क राज्यात सुमारे ७०० स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे स्वतःचा कारभार पाहणारे शाळांचे स्थानिक विभाग, आहेत. काहींत मुलं हजारोंनी, तर काहींत बालवाडीपासून बारावीपर्यंत सगळी मिळून पाचशेसुद्धा नाहीत. प्रत्येकाचं बोर्ड वेगळं, प्रॉपर्टी टॅक्स वेगळा, शिक्षक संघटनेशी केलेला करार वेगळा. पाच मैलांवरच्या शेजाऱ्याकडे वेल्डिंगचं वर्कशॉप अर्धा दिवस बंद पडून असतं आणि आपल्याकडे त्याच कोर्ससाठी मुलं ताटकळत असतात. दोघांना एकत्र बसवायचं तर ‘आधी फोन कोणी करायचा’ इथेच घोडं अडतं. पहिला फोन करणारा अडचणीत आहे असं समजलं जातं.

हा फोन करण्याचं काम राज्याने १९४८ च्या कायद्याने एका यंत्रणेकडे दिलं: बोर्ड ऑफ कोऑपरेटिव्ह एज्युकेशनल सर्व्हिसेस. सगळे तिला बोसीज म्हणतात. सुरुवातीच्या काळात अशी मंडळं ८० च्या वर होती, एकत्रीकरण होत होत आता ३७ उरली आहेत. न्यूयॉर्क सिटी, बफेलो, रॉचेस्टर, सिरॅक्यूज आणि याँकर्स ही पाच मोठी शहरं यात नाहीत. बाकी जवळजवळ सगळे डिस्ट्रिक्ट कुठल्या ना कुठल्या बोसीजचे सदस्य आहेत, आणि एकदा सदस्य झालं की बाहेर पडण्याची वाट कायद्यात ठेवलेली नाही. तिथल्या मराठी पालकांना हे नाव शाळेच्या पत्रात किंवा मे महिन्यातल्या बजेट-मतदानाच्या वेळी दिसतं. बोर्डावर बसणाऱ्यांनी आणि बजेटच्या सभेत प्रश्न विचारणाऱ्यांनी मात्र ही सेवा नीट पारखून घ्यायला हवी.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. खर्च आणि माणसं वाटून घ्यायची असतील तर बोसीजसारखा मध्यस्थ मिळणं कठीण, हिशेब तपासून जरूर घ्या. दोन डिस्ट्रिक्ट विलीन करायची चर्चा असेल तर बैठक बोसीजच्या जागेत घ्या, पण अभ्यास आणि सूत्रसंचालन बाहेरच्या माणसाकडे द्या.

आधी चांगली बाजू. सामायिक सेवेच्या कराराला तिथे ‘को-सर’ म्हणतात. त्यात किमान दोन डिस्ट्रिक्ट हवेत आणि राज्याच्या शिक्षण खात्याची मंजुरी लागते. अकरावी-बारावीच्या मुलांचे अर्ध्या दिवसाचे व्यावसायिक कोर्स, विशेष गरजा असलेल्या मुलांचे वर्ग, पगारपत्रकं आणि डेटा सांभाळणारी केंद्रं, एकत्रित खरेदी, सामायिक बिझनेस ऑफिस हे सगळं यातून चालतं. शेजारच्या बोसीजकडे चांगला कोर्स असेल तर तोही आपल्या बोसीजमार्फत ‘क्रॉस-कॉन्ट्रॅक्ट’ करून घेता येतो.

गोडी आहे ती पैशात. सेवेवर केलेल्या पात्र खर्चाचा काही भाग राज्य पुढच्या वर्षी परत देतं. तुमचं मदत-गुणोत्तर, म्हणजे परत मिळणाऱ्या भागाचं प्रमाण, ०.६० असेल आणि पात्र खर्च १,००,००० डॉलर असेल, तर ६०,००० परत येतात. पण ते पुढच्या वर्षी. पहिल्या वर्षी पूर्ण लाख बजेटमध्ये धरावे लागतात, आणि नेमकं इथेच लहान डिस्ट्रिक्टचं गणित चुकतं: बोर्डाला ‘४०,०००मध्ये काम होईल’ असं सांगितलेलं असतं आणि सप्टेंबरपासून बिलं पूर्ण रकमेची येऊ लागतात. दुसरी मेख पगाराची. कर्मचाऱ्याच्या पगाराचा ठरावीक मर्यादेपर्यंतचाच भाग मदतीला पात्र धरतात, आणि ती मर्यादा वर्षानुवर्षे ३०,००० डॉलरवर अडकलेली होती. त्यामुळे महागडा तज्ज्ञ वाटून घेतला तर परतावा वाटतो त्याहून बराच कमी येतो. आपल्या बिझनेस ऑफिशियलकडून (डिस्ट्रिक्टचे हिशेब पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडून) चालू वर्षाचा आकडा लेखी घ्या आणि त्यावरच हिशेब करा. वर्षअखेरीला उरलेले पैसे बोसीज डिस्ट्रिक्टना परत करते, ते पुढच्या वर्षीच्या बिलात वळते करून घेतले आहेत की नाही हेही तपासा. शिवाय प्रशासकीय खर्चाचा वाटा प्रत्येक सदस्याला भरावाच लागतो, एकही सेवा घेतली नाही तरी.

तारखा पाळल्या नाहीत तर वर्ष हातचं जातं. सेवांची मागणी १ फेब्रुवारीपर्यंत, सेवा आणि त्यांचा खर्च बोसीजकडून १० मार्चपर्यंत, आणि डिस्ट्रिक्टचा अंतिम होकार १ मेपर्यंत. म्हणजे शेजाऱ्याशी बोलणी ऑक्टोबरमध्ये सुरू व्हायला हवीत. जानेवारीत सुरू झालेली बोलणी त्या वर्षी पार पडत नाहीत.

आता मध्यस्थीबद्दल, कारण या सेवेचा खरा कस तिथे लागतो. बोसीजचा प्रमुख म्हणजे डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडंट. त्याची स्वतःची शाळा नाही, मतदार नाहीत, फुटबॉलची टीम नाही. म्हणून दोन्ही बाजू त्याच्यापुढे मोकळेपणाने बोलतात. चांगला माणूस असेल तर तो एकत्र बैठकीआधी प्रत्येक डिस्ट्रिक्टच्या स्वतःच्या सुपरिंटेंडंटला (शाळांच्या प्रमुखाला) वेगळं भेटतो आणि एकच विचारतो: कुठल्या गोष्टीवर तुमचं बोर्ड अजिबात हलणार नाही? ती यादी हातात आल्यावरच पहिली बैठक. टेबलावर एकच कागद, दोघांचे आकडे एकाच व्याख्येने काढलेले. पटसंख्या ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारची, म्हणजे राज्याला कळवतात तीच. बसचा दर विद्यार्थ्यामागचा खर्च काढताना एकाने बसखरेदीचं कर्ज धरलं आणि दुसऱ्याने वगळलं, तर पहिला अर्धा तास त्या वादातच जातो आणि मनात अढी बसते ती वेगळीच. हा कागद दोन्ही बिझनेस ऑफिशियलनी आधी सही करून मान्य केलेला असावा. आमच्या मते सगळ्या मध्यस्थीतलं सर्वांत मोलाचं काम हेच आहे.

त्यानंतर सुरुवात लहान गोष्टीने: सुट्ट्यांचं वेळापत्रक. ऐकायला किरकोळ वाटेल, पण समजा एका डिस्ट्रिक्टची वसंतातली सुट्टी एका आठवड्यात आणि शेजाऱ्याची पुढच्या आठवड्यात आली, तर ऑटो मेकॅनिकचा सामायिक वर्ग सलग दोन आठवडे अर्धा रिकामा राहतो. शिक्षक तोच धडा दोनदा घेतो. शाळेची पहिली घंटा एका ठिकाणी ७:३० ला आणि दुसरीकडे ८:१० ला असेल, तर एक बस दोन्ही गावांतून फिरू शकत नाही आणि दुसऱ्या बसचा खर्च सगळी बचत खाऊन टाकतो. घंटा आणि सुट्ट्या आधी जुळवा, करार नंतर.

बोलणी मोडतात ती बहुतेक वेळा दोन कारणांनी. पहिलं, शिक्षक संघटनेला उशिरा कळतं. एखादा कार्यक्रम डिस्ट्रिक्टकडून बोसीजकडे गेला तर शिक्षण कायद्याच्या कलम ३०१४-ए नुसार तिथल्या शिक्षकांना नोकरी, टेन्युअर (नोकरीतला कायमपणा) आणि ज्येष्ठतेचे हक्क सोबत नेता येतात; उलट दिशेने ३०१४-बी. हे पहिल्याच महिन्यात संघटनेच्या प्रतिनिधीसमोर मांडलं तर भीती निम्मी होते. दुसरं, बोर्डाचे इतके सदस्य बैठकीला येतात की कोरम भरतो आणि ती सभा कायद्याने जाहीर ठरते. सूचना न देता घेतली तर गावात ‘गुपचूप शिजतंय’ अशी कुजबुज सुरू होते. प्रत्येक बोर्डाचे दोनच प्रतिनिधी पाठवा आणि इतिवृत्त बोसीजच्या माणसाकडून लिहून घ्या.

मग तटस्थपणा कुठे तोकडा पडतो? बोसीज स्वतः सेवा विकते, त्यामुळे ‘बोसीजशिवायच दोघांनी थेट करार करावा’ हा पर्याय तिच्या तोंडून क्वचित येतो. तो तुम्हीच विचारा. आणि डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडंट राज्याच्या शिक्षण आयुक्तांचा स्थानिक प्रतिनिधीही असतो. एरवी ते कोणाला खुपत नाही, पण २०२४ मध्ये खुपलं. खात्याने प्रादेशिक सहकार्याचे आराखडे करायची योजना आणली, बैठका घडवण्याचं काम याच अधिकाऱ्यांकडे दिलं, आणि नियमाची भाषा सक्तीची वाटली. लाँग आयलंडवरच्या काही डिस्ट्रिक्टनी ही विलीनीकरणाची आणि स्थानिक अधिकार काढून घेण्याची पहिली पायरी आहे म्हणून कडाडून विरोध केला. सहभाग ऐच्छिक आहे हे खात्याला स्पष्ट करावं लागलं, शब्द बदलावे लागले. टेबल तेच, माणसं तीच, पण निमंत्रण वरून आलं म्हटल्यावर मध्यस्थ तटस्थ उरला नाही.

विलीनीकरणात तर हे आणखी टोकदार होतं. राज्याची प्रोत्साहन-मदत १४ वर्षं मिळते: पहिली पाच वर्षं ४० टक्के, मग दरवर्षी ४ टक्क्यांनी कमी. त्यामुळे ‘राज्याला हेच हवंय’ ही शंका आधीच असते. मोहॉक नदीच्या खोऱ्यात चार डिस्ट्रिक्टचा एकत्रित विचार सुरू झाला होता. शेवटी २०१३ मध्ये इलियन आणि मोहॉक हे दोनच एकत्र येऊन सेंट्रल व्हॅली झालं. प्रत्येक गावाचं मत वेगळं मोजलं जातं, त्यामुळे एकाने नाही म्हटलं की आराखडा कोसळतो. म्हणून अभ्यास ज्याचा निकालाशी काडीचाही संबंध नाही अशा सल्लागाराकडे द्या, फी सगळ्यांनी सारखी भरा, आणि अहवालाचा मसुदा सगळ्या बोर्डांना एकाच दिवशी मिळेल हे करारात लिहून घ्या. एका बोर्डाला तो चार दिवस आधी मिळाला तर पुढचं काही वाचलंच जात नाही.

महाराष्ट्रात याच्या जवळचं पद केंद्रप्रमुखाचं. शेजारच्या शाळांना तो शिक्षण परिषदेत एकत्र आणतो, पण त्याच्या हातात तिजोरी नाही आणि तो त्याच वरिष्ठ साखळीतला असतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातल्या शाळा संकुलांनी प्रयोगशाळा, क्रीडाशिक्षक, समुपदेशक वाटून घ्यायचे आहेत. ते राबवणाऱ्यांनी बोसीजकडून दोन गोष्टी जरूर उचलाव्यात: वाटून घेणाऱ्याला पैशात दिसणारा फायदा, आणि वर्षातून एकदा ‘ही सेवा नको’ म्हणण्याची ठरलेली तारीख.

खरेदी, आयटी, व्यावसायिक कोर्स, विशेष शिक्षण यांसाठी पाचपैकी साडेचार. विलीनीकरणाच्या मध्यस्थीसाठी अडीच, तेही बैठकीची खोली आणि विश्वासार्ह आकडे देते म्हणून.