मुलीला खेळवायचं कुठून? मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ... आणि पुढे रेल्वे

2 नोव्हेंबर 2025 ला नेरूळच्या डी वाय पाटीलवर आपल्या पोरींनी वर्ल्ड कप उचलला आणि तेव्हापासून क्रिकेट खेळणाऱ्या प्रत्येक मुलीच्या आईबापाला एकच किडा चावलाय. हिला मुंबईकडून ट्राय करायचं का महाराष्ट्राकडून, का सरळ नागपूरला आत्याकडे ठेवायचं, तिकडे म्हणे कॉम्पिटिशन कमी. आणि ते रेल्वेचं काय असतं? सगळ्यांना वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

राज्य एक असलं तरी बीसीसीआयच्या हिशोबात आपल्या तीन टीम आहेत हे बऱ्याच जणांना अजून माहीत नसतं. मुंबई म्हणजे शहर, उपनगर आणि ठाणे-पालघरचा पट्टा. विदर्भ म्हणजे नागपूर-अमरावतीकडचे 11 जिल्हे. उरलेलं सगळं, म्हणजे पुणे, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नाशिक, खानदेश, मराठवाडा, खालचं कोकण, हे "महाराष्ट्र". त्यामुळे बहुतेकांसाठी "कुठली टीम बेस्ट" हा प्रश्नच येत नाही, आधारवरचा पत्ता आणि शाळेचं बोनाफाईड ठरवतं. चॉइस खरा कोणाला? पनवेल-खारघरसारख्या कडेला राहणाऱ्यांना (हद्द कुठे संपते ते असोसिएशनच्या ऑफिसात विचारा, व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको), बदलीच्या नोकरीवाल्यांना, अकरावीला दुसऱ्या शहरात ॲडमिशन घेणाऱ्यांना, आणि 19 पार झाल्यावर ज्यांना आपल्या टीममध्ये जागाच दिसत नाही अशा मुलींना.

माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको. टीमच्या नावावर जाऊ नका, तुमची मुलगी प्लेइंग इलेव्हनमध्ये कुठे बसेल ते बघा. पंधरा जणींत नाव येऊन पूर्ण सीझन पाण्याच्या बाटल्या नेणं याला खेळणं म्हणत नाहीत, फोटो तेवढा चांगला येतो.

मुंबई

नाव मोठं, टीम तगडी आणि रांगही तशीच लांब. जेमिमा रॉड्रिग्जने 2017 मध्ये मुंबई अंडर-19 कडून सौराष्ट्रविरुद्ध वनडेत नाबाद 202 मारले होते तेव्हा वाटलेलं आता हे कोण मोडणार. जानेवारी 2025 मध्ये इरा जाधव नावाच्या 14 वर्षांच्या शाळकरी पोरीने मेघालयविरुद्ध 157 बॉलमध्ये नाबाद 346 केले. मुंबई 3 बाद 563, मेघालय 19 ऑलआउट. आता यातून दोन गोष्टी घ्या. एक, तुमची मुलगी ओपनर असेल तर मुंबईत तिच्या पुढे रांगेत कोण उभं आहे ते कळलं. दुसरी, ज्युनियर लेव्हलला टीमाटीमांत एवढा फरक असतो की कच्च्या टीमविरुद्धच्या रनांवर हुरळून जाण्यात अर्थ नाही, सिलेक्टरलाही ते कळतं. इराचं कौतुक आहेच, चारशेला 54 कमी म्हणजे समोर कोणीही असो तेवढा वेळ उभं राहायला दम लागतो.

मुंबईचा खरा फायदा म्हणजे रोज नजरेसमोर चांगलं क्रिकेट असतं. शिवाजी पार्क, आझाद, क्रॉस मैदान, कुठेही गेलात तरी नेटमध्ये तुमच्यापेक्षा भारी कोणीतरी असतंच, आणि लक्ष ठेवणारे लोकही इथेच फिरत असतात. धारावीच्या सिमरन शेखला डिसेंबर 2024 च्या डब्ल्यूपीएलच्या (म्हणजे मुलींच्या आयपीएलच्या) ऑक्शनमध्ये गुजरात जायंट्सने 1 कोटी 90 लाखाला घेतलं, बेस प्राइस 10 लाख होती. गल्लीत पोरांबरोबर खेळून वर आलेली मुलगी.

तोटा काय तर मुंबई स्वतः. विरार किंवा बदलापूरहून पहाटेची लोकल पकडायची, लेडीज डब्यात किटबॅग दाराशी उभी करायची, पुढच्या स्टेशनला चढणाऱ्या प्रत्येकीची बोलणी खायची आणि उतरताना पॅडचा पट्टा कोणाच्या तरी पर्समध्ये अडकवून घ्यायचा, मग दोन तास नेट, ज्यात बॅटिंग वीस मिनिटं, आणि तोच प्रवास उलटा करून शाळा. पंधरा वर्षांच्या मुलीला हे झेपतं पण घरातल्या एका माणसाला सगळं सोडून तिच्याबरोबर फिरावं लागतं, हा खर्च कोणी धरत नाही.

राधा यादवचं उदाहरण मी सगळ्यांना देते. कांदिवलीत वाढलेली, सुरुवात मुंबईकडून केली, मग बडोद्याकडून खेळायला लागली आणि तिथून इंडिया. मुंबईने पाठवलं नाही म्हणून करिअर संपत नाही, पण मुंबईतच अडून बसली असती तर काय झालं असतं याचा विचार करा.

महाराष्ट्र

मुंबई-महाराष्ट्र ही खुन्नस जुनी आहे बरं का. 1973 मध्ये पुण्यात मुलींची पहिली नॅशनल झाली तेव्हा टीमच तीन होत्या, बॉम्बे, महाराष्ट्र आणि यूपी.

महाराष्ट्राबद्दल लोक म्हणतात की सगळं पुण्यातच चालतं, बाहेरच्या मुलींना कोण विचारतं. हे अर्धंच खरं आहे. स्मृती मानधना सांगलीची, नवव्या वर्षी अंडर-15 आणि अकराव्या वर्षी अंडर-19 मध्ये आली, 2013 ला अंडर-19 च्या मॅचमध्ये गुजरातविरुद्ध 150 बॉलमध्ये नाबाद 224, वनडेत डबल सेंच्युरी मारणारी पहिली भारतीय मुलगी. अनुजा पाटील कोल्हापूरची. मान खाली घालून विचित्र ॲक्शनने लेगस्पिन टाकणारी माया सोनवणे सिन्नरकडची. किरण नवगिरे सोलापूर जिल्ह्यातल्या गावातली. म्हणजे जिल्ह्यातली मुलगी दिसते, फक्त तिला दिसायला जास्त लांब यावं लागतं. नंदुरबार किंवा नांदेडहून पुण्याला ट्रायल म्हणजे रात्रभर एसटी, सकाळी कोणाच्यातरी ओळखीच्या घरी अंघोळ आणि नऊ वाजता नंबर. आणि मोठ्या ट्रायलमध्ये शेकड्याने मुली असतात त्यामुळे बॉलरला एक-दोन ओव्हर, बॅटरला दहाबारा बॉल एवढंच मिळतं. जाळीबाहेर उभे असलेले बाप मनातल्या मनात बॉल मोजत असतात, "हिला आठच मिळाले, त्या आधीच्या मुलीला बारा". त्यामुळे महाराष्ट्रात ट्रायलपेक्षा डिस्ट्रिक्टकडून खेळलेल्या मॅचेस महत्त्वाच्या, तिथे रन असले तर नाव आधीच कागदावर असतं.

2025 पासून पुण्याजवळ गहुंजेच्या स्टेडियमवर मुलींची एमपीएल (महाराष्ट्र प्रीमियर लीग) पण सुरू झाली, चार टीम. हा बदल मला सगळ्यात मोठा वाटतो कारण चार टीम म्हणजे 44 जागा इलेव्हनमधल्या, आणि तेही कॅमेऱ्यासमोर.

आता किरणचा किस्सा नीट वाचा कारण या सगळ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. आधी ॲथलेटिक्स, मग क्रिकेट, महाराष्ट्राकडून खेळली, आणि मग गेस्ट, म्हणजे बाहेरची प्लेअर म्हणून नागालँडला गेली. लोक हसले असतील, नागालँड? एप्रिल 2022 मध्ये तिने अरुणाचलविरुद्ध टी20 मध्ये 76 बॉलमध्ये नाबाद 162 ठोकले, टी20 मध्ये दीडशे पार करणारी पहिली भारतीय, बायका-पुरुष दोन्हीत. बॉलिंग कच्ची होती, मान्य, मेघालयला लावलेला न्याय इथेही लागू. पण त्यामुळे व्हेलॉसिटीने (डब्ल्यूपीएलच्या आधी मुलींची टी20 चॅलेंज व्हायची, त्यातली टीम) उचललं आणि पुढच्याच महिन्यात गहुंजेला तिने खऱ्या इंटरनॅशनल बॉलर्सना 34 बॉलमध्ये 69 मारले. सप्टेंबरमध्ये इंडिया कॅप. नंतर महाराष्ट्राकडे परत आली आणि ऑक्टोबर 2025 मध्ये नागपूरला पंजाबविरुद्ध 34 बॉलमध्ये सेंच्युरी, महिला टी20 मधली जगात सगळ्यात फास्ट. म्हणजे बाहेर जाण्याचा फायदा झाला तो ती तयार प्लेअर होती म्हणून, तिला फक्त वरच्या नंबरला बॅटिंग हवी होती. तेराव्या वर्षी मुलीला कुठल्यातरी छोट्या राज्यात ॲडमिशन घेऊन देणं ही वेगळीच गोष्ट झाली, ते करू नका.

विदर्भ

याच्याबद्दल पुणे-मुंबईवाल्यांना काही पडलेलं नसतं आणि तिथेच चुकतात. भारती फुलमाळी आणि दिशा कासट दोघी अमरावतीच्या, भारती 2019 ला इंग्लंडविरुद्ध इंडियाकडून खेळली, दिशा पहिल्या डब्ल्यूपीएलला आरसीबीत होती. मोना मेश्राम नागपूरची. 11 जिल्ह्यांतूनच टीम निवडायची म्हटल्यावर मुलगी चांगली असेल तर लवकर नजरेत भरते. नागपूर सोडून फार पळावंही लागत नाही, सिव्हिल लाइन्स आणि जामठा, दोन्ही स्टेडियम तिथेच.

पण एक मेख आहे. विदर्भ सेंट्रल झोनमध्ये येतं आणि मुंबई-महाराष्ट्र वेस्टमध्ये. इंटर-झोनलची, म्हणजे झोन-झोनमधल्या स्पर्धेची टीम निवडताना विदर्भाच्या मुलीला कोणाशी भिडायचं असतं? एमपी, यूपी आणि रेल्वे (हो, रेल्वेची स्वतःची टीम असते)! रेल्वेतल्या अर्ध्या मुली इंडिया खेळलेल्या. एमपीने तर 2024-25 ची सीनियर वनडे ट्रॉफीच मारली. वेस्टमध्ये मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र, हेही सोपं नाही पण त्यात रेल्वे नाही. तेव्हा राज्याच्या टीममध्ये विदर्भातून लवकर शिराल, पुढच्या पायरीला घाम फुटेल. तिकडे राहत असाल तर मस्त, मुद्दाम जायचं असेल तर दोनदा विचार करा.

(सिंधुदुर्गवाल्यांचा नेहमीचा प्रश्न, गोवा जवळ पडतं. पर्वरी जवळ आहे खरी, शिखा पांडे गोव्याकडूनच वर आली, पण पात्रता तिथल्या रहिवासावर किंवा शिक्षणावर ठरते, आणि गोवा साऊथ झोनमध्ये. नुसतं सावंतवाडीहून बस जवळ आहे म्हणून होत नाही.)

रेल्वे

ही नुसती टीम नाही, नोकरी आहे. इंडियाच्या माजी कॅप्टन डायना एडलजींनी पाठपुरावा करून रेल्वेत मुलींना जागा मिळवून दिल्या, आणि 2006-07 पासून सीनियर वनडे ट्रॉफी सुरू झाल्यावर ती जवळजवळ रेल्वेच्या घरचीच झाली, मध्येच कधी दिल्ली, कधी बंगाल. 2022 च्या टी20 फायनलला महाराष्ट्र पोचली तेव्हाही समोर रेल्वेच होती आणि कप त्यांनीच नेला. मिताली राज तिकडचीच, हरमनप्रीत 2014 ला वेस्टर्न रेल्वेत लागली, मुंबईची पूनम राऊतसुद्धा रेल्वेकडून खेळली.

दर महिन्याला पगार, कॅम्पला सुट्टी, घरच्यांचं "पुढे काय" बंद, गुडघा गेला तरी नोकरी राहते. मध्यमवर्गीय घरात हे डब्ल्यूपीएलपेक्षा मोठं आहे. फक्त स्पोर्ट्स कोट्यात नोकरी लागणं आणि रेल्वेच्या इलेव्हनमध्ये लागणं यात फार अंतर आहे. विसाव्या वर्षी लागलात आणि पुढची चार वर्षं इंटर-रेल्वेच (रेल्वेच्या आपसातल्या मॅचेस) खेळत बसलात तर राज्याकडूनही खेळता येत नाही.

पैशाचं पण बोलू. डिसेंबर 2025 मध्ये बीसीसीआयने सीनियर मुलींची मॅच फी वाढवली, वनडे आणि मल्टी-डेला रोजचे 50,000, आधी 20,000 होते. टी20 ला 25,000. ज्युनियरलाही रोजचे 25,000. पण हे इलेव्हनमधल्यांना हं, बाकीच्यांना बरोब्बर निम्मे. म्हणजे मी वर जे म्हणत होते त्याला आता रुपयांचाही आधार मिळाला.

तर वयानुसार सांगायचं झालं तर 12 ते 16 जिथे घर आहे तिथूनच, शाळा बदलू नका, आणि मुलांच्या अकादमीत पाठवत असाल तर मुलींचा बॉल हलका असतो हे लक्षात ठेवा, मॅचच्या आधी काही दिवस त्यानेच नेट करा नाहीतर टायमिंग गंडतं. 16 ते 19 मध्ये कॉलेजच्या निमित्ताने पुणे किंवा मुंबई निवडता येत असेल तर स्पिनर आणि विकेटकीपरने पुणे बघावं असं मला वाटतं, मॅचेस जास्त वाट्याला येतील. फास्ट बॉलर असेल तर कुठेही जा, तिची सगळ्यांनाच गरज आहे. 19 नंतर सीनियरमध्ये सलग दोन सीझन बेंचवर गेले तर एनओसी (दुसऱ्या टीमकडून खेळायला आपल्या असोसिएशनचं ना-हरकत पत्र) मागायला लाजू नका, बाहेरच्या जागा एका टीममध्ये तीनच असतात त्यामुळे सीझन सुरू व्हायच्या बरंच आधी बोलणी करावी लागतात, आणि एनओसी मागताना भांडून जाऊ नका, परत यायची वेळ येऊ शकते. रेल्वेचा फॉर्म भरायला मात्र काही हरकत नाही, तो 18 पूर्ण झाल्यापासून भरत राहा.

आणि कृपा करून जन्मदाखल्यात एक वर्ष इकडचं तिकडे करायचा सल्ला कोणी "अनुभवी" सर देत असतील तर ऐकू नका. अंडर-15 ला मनगटाचा एक्स-रे काढून वय बघतात, पकडलं गेलं तर दोन वर्षं बॅन, आणि त्या वयातली दोन वर्षं म्हणजे अंडर-15 गेलंच समजा.