कुत्र्यासोबत स्कॉटलंडची बेटे पायी: हेब्रिडियन वे की स्काय ट्रेल?

कुत्र्याला बरोबर घेऊन स्कॉटलंडच्या बेटांवरून अनेक दिवसांची पायपीट करण्याचा बेत आखणाऱ्यापुढे बहुधा दोन नावे येतात: आउटर हेब्रिडीज या द्वीपसमूहातला हेब्रिडियन वे आणि स्काय बेटावरचा स्काय ट्रेल. पहिला सुमारे २५० किलोमीटरचा, तर दुसरा सुमारे १२८ किलोमीटरचा. त्यामुळे कुत्र्यासाठी लहान वाट बरी, असा हिशेब सहज मनात येतो. माझ्या मते तो हिशेब फसवा आहे, कारण सुदृढ कुत्र्याला रोजचे पंधरावीस किलोमीटर जड जात नाहीत. त्याला जड जातात ते कडे, निसरडे उतार आणि भोवतालच्या मेंढ्या.

हेब्रिडियन वे दक्षिणेकडे वाटर्से बेटावर सुरू होऊन लुईसमधल्या स्टॉर्नोवेला संपतो. वाटेत दहा बेटे येतात. बरीचशी एकमेकांना कॉजवेने, म्हणजे समुद्रात भराव घालून बांधलेल्या रस्त्यांनी जोडलेली आहेत. फेरीबोट फक्त दोनदा घ्यावी लागते, बारा ते एरिस्के आणि बर्नरे ते हॅरिसमधले लेव्हरबर्ग. या फेऱ्या चालवणाऱ्या कॅलमॅक कंपनीच्या बोटींवर कुत्र्याचे भाडे पडत नाही, मात्र तो दोरीने बांधलेला आणि नेमून दिलेल्या जागेत असावा लागतो. उंची बेताची, वाटेवर खुणेचे खांब आणि वारा बहुतेक दिवस नैर्ऋत्येचा, म्हणून दक्षिणेकडून उत्तरेला जाणाऱ्याच्या तो पाठीशी राहतो.

या वाटेचे खरे वैभव पश्चिम किनाऱ्यावरची मॅखर ही शिंपल्यांच्या वाळूवर वाढलेली फुलांची कुरणे. कुत्र्याच्या पंजांना याहून मऊ जमीन मिळणार नाही, पण नेमकी याच गवतात टिटवीसारखे पक्षी जमिनीवर अंडी घालतात आणि ब्रिटनमध्ये इतरत्र दुर्मिळ झालेला कॉर्नक्रेक पक्षीही इथेच दडून बसतो. एप्रिल ते जुलै या काळात कुत्रा आखूड दोरीवर किंवा अगदी पायाशी ठेवणे म्हणूनच अपरिहार्य ठरते. हॅरिसमध्ये चित्र बदलते. पूर्व किनारा इतका खडकाळ की तिथे मृतांना पुरण्याइतकीही माती नव्हती. लोक शवपेट्या खांद्यावर घेऊन डोंगर ओलांडीत पश्चिमेच्या वाळूत आणीत. आजची वाट त्याच जुन्या मार्गाने उलट दिशेने जाते. त्यापुढे लुईसपर्यंत पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीची, दलदल वारंवार भेटते. एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे सरळ रेघेत निघालेला माणूस घोट्यापर्यंत रुततो आणि कुत्रा पोटापर्यंत काळा होऊन तंबूत येतो, तेव्हा एक जुना टॉवेल सामानात असावाच.

या वाटेची अडचण मुक्कामाची आणि माघारीची आहे. वसतिगृहांत कुत्रा चालेल असे गृहीत धरू नये. तंबू नेणेच शहाणपणाचे. रविवारी लुईस-हॅरिसमध्ये रविवार विश्रांतीचा पाळणाऱ्या प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती परंपरेमुळे बहुतेक दुकाने बंद असतात, त्यामुळे कुत्र्याचे खाणे शनिवारीच भरून घ्यावे. पंजा कापला, तर पशुवैद्य पुढच्या बेटावर असण्याची शक्यताही धरून चालावे लागते.

स्काय ट्रेल याच्या उलट. स्कायला १९९५ पासून पूल आहे, त्यामुळे बोटीची वाट न पाहता बसने किंवा मोटारीने थेट पोहोचता येते आणि प्रकरण अंगाशी आल्यास परतताही येते. पण या वाटेवर खुणा नाहीत; नकाशा वाचता यायलाच हवा. उत्तरेच्या रुभा हुनिशपासून निघाल्यावर ट्रॉटरनिशची धार लागते. स्टॉर हे तिथले सर्वांत उंच शिखर ७१९ मीटरचे. सह्याद्रीत भटकलेल्यांना हा आकडा किरकोळ वाटेल; मात्र इथे पूर्वेकडचा कडा एकदम तुटतो, कठडा नाही, धुके पाहता पाहता उतरते आणि कड्याच्या काठावरच मेंढ्या चरत असतात. मेंढी पाहून झेप घेणाऱ्या कुत्र्याला इथे नेऊ नये, असे मी स्पष्टच म्हणेन. धारेवर पाणीही क्वचितच मिळते. पुढे एल्गोलकडची समुद्रावरची पायवाट इतकी अरुंद आहे की ओढणारा कुत्रा मालकाचाही तोल घालवू शकतो. डोंगराची सवय असलेल्या, हाकेसरशी थांबणाऱ्या कुत्र्यासाठी मात्र हीच वाट अधिक रोमांचक आहे, यात शंका नाही.

कायदा दोन्हीकडे सारखाच. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या भूमी सुधारणा कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्यास मोकळ्या जमिनीवर फिरण्याचा हक्क दिला आहे, पण कुत्रा ताब्यात असेल तरच. त्याने गुरामेंढरांवर हल्ला केल्यास २०२१ च्या कायद्याने ४० हजार पौंडांपर्यंत दंड किंवा वर्षभर कैदही होऊ शकते. वासरे असलेल्या गाई अंगावर आल्याच, तर दोरी सोडून द्यावी आणि आपण जवळच्या वाटेने कुरणाबाहेर पडावे. गाईंचा राग कुत्र्यावर असतो आणि कुत्रा आपल्यापेक्षा वेगाने पळतो.

पहिलाच प्रयोग असेल, तर या दोन्ही वाटा बाजूला ठेवून ॲरन बेटाभोवतीचा सुमारे १०५ किलोमीटरचा कोस्टल वे पाहावा. खुणा आहेत आणि बेटाभोवती बसही फिरते. दक्षिणेला बेनन हेडपाशी मात्र ओहोटीचे वेळापत्रक पाहूनच जावे, कारण तिथल्या मोठमोठ्या दगडांवरून कुत्र्याला उचलून न्यावे लागू शकते.

भारतातून कुत्रा नेण्याचा विचार मात्र सोडलेलाच बरा. मायक्रोचिप, रेबीजची लस, त्यानंतर ३० दिवसांनी रक्ततपासणी आणि रक्त घेतल्यापासून तीन महिन्यांची प्रतीक्षा, शिवाय विमानात मालवाहू कक्षातून प्रवास, हे एका सहलीसाठी त्या जिवावर लादणे मला पटत नाही. ही तुलना ग्लासगो, एडिंबरा किंवा लंडनकडे स्थायिक झालेल्या आणि घरी कुत्रा असलेल्या मराठी मंडळींसाठीच आहे. त्यांतल्या बहुतेकांना मी हेब्रिडियन वे सुचवेन, तोही ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. पक्ष्यांची पिल्ले उडालेली असतात, कोकरे मोठी झालेली असतात आणि चावऱ्या मिज माश्यांचा जोरही ओसरू लागतो. गोचिडी तेव्हाही असतात. रोज संध्याकाळी कुत्र्याचे कान आणि बोटांमधल्या फटी तपासाव्यात, आणि स्वतःचे गुडघेही.