जुन्या दफनभूमीचे कुंपण: भिंत, जाळी की ग्रील?

कोल्हापुरातील एखाद्या जुन्या दफनभूमीच्या विश्वस्तांपुढे कुंपणाचा विषय आला की चर्चा बहुधा दरपत्रकापासून सुरू होते. माझ्या मते आधी विचारावे ते हे की, कोणत्या पर्यायासाठी किती खणावे लागणार आहे. नोंद नसलेल्या आणि शिळाही न उरलेल्या कबरी पुष्कळदा हद्दीला लागूनच असतात. पाया खणताना एखादी उघडी पडली, तर ते नुकसान कोणत्याही निधीतून भरून निघत नाही.

या कसोटीवर विटांची किंवा काँक्रीटची सलग भिंत सर्वांत मागे पडते. तिच्यासाठी संपूर्ण हद्दीभर चर खणावा लागतो. पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या काळ्या मातीत उथळ पायाच्या भिंतीला तडे जातात, आणि २०१९ व २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी जिथवर आले होते अशा जागी भरीव भिंत पाण्याचा दाब अंगावर घेते व निचराही अडवते. शिवाय उंच भिंतीआड शिळा फोडणारा माणूस रस्त्यावरून कोणालाच दिसत नाही. प्रीकास्ट, म्हणजे आधीच ओतून आणलेल्या काँक्रीटच्या फळ्यांच्या, भिंतीला खांबांपुरतेच खड्डे लागतात आणि ती झटपट उभी राहते, पण आडोसा तोच राहतो.

तारेची जाळी सर्वांत स्वस्त पडते, नजरही अडवत नाही. मात्र ती पक्कडीने सहज कापता येते आणि खालची कड उचलली गेली की कुत्री, डुकरे आत शिरतात. दुरुस्ती चालू असेपर्यंतची सोय म्हणून ती ठीक आहे.

जिथे काळ्या दगडाची जुनी बुटकी भिंत अजून शिल्लक आहे, तिथे ती पाडू नये, असे मी आग्रहाने सांगेन. ढासळलेले दगड तेथेच पुन्हा बसवावेत आणि दरजा, म्हणजे दगडांमधील सांधे, मूळच्या चुन्यानेच भराव्यात, कारण सिमेंटच्या दरजांमुळे भिंतीतील ओल आतच कोंडते. वरची उंची ग्रीलने साधावी. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्री (ओतकामाचे कारखाने) जवळ असताना ग्रीलच्या गजांवरचे जुन्या नमुन्याचे ओतीव भाले करून घेणे कोल्हापूरकरांना अवघड नाही. ग्रीलचे खांब मात्र दगडात रोवू नयेत, कारण गंजलेले लोखंड फुगते आणि दगड फोडते. ते भिंतीच्या आतल्या बाजूस स्वतंत्र खड्ड्यांत उभे करावेत. खड्ड्यात कबरीची खूण लागली तर खांब हातभर सरकवता येतो; भिंतीचा पाया असा सरकवता येत नाही. या पर्यायाचा खर्च जाळीपेक्षा बराच अधिक आहे आणि आपल्याकडच्या पावसात ग्रील ठरावीक काळाने खरवडून रंगवावी लागते. त्या रंगकामाची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात असावी.

करवंद किंवा मेंदीचे जिवंत कुंपण जाळीला चांगली जोड देते, पण ते दाट होईपर्यंत उन्हाळ्यात पाणी घालणारे कोणीतरी हवे.

कोणताही पर्याय निवडला तरी नगर भूमापनाकडून हद्द आधी मोजून घ्यावी. हद्दीवरील झाड तोडायचे असल्यास १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार आधी परवानगी लागते. निविदेत दोन अटी स्पष्ट लिहाव्यात: खोदकाम हातानेच होईल, यंत्राने नाही, आणि अस्थी किंवा शिळा आढळताच त्या जागचे काम थांबवून विश्वस्तांना कळवले जाईल.